शेवटचा रकाना

माझ्या भाच्याकडे एक वही आहे. जाडजूड, लांबट, लाल कापडी बांधणीची, दुकानदार उधारीची खाती मांडायला घेतात तसली. तो नववीत असताना म्हापशाच्या बाजारात मीच त्याला ती घेऊन दिली. प्रत्येक पानावर त्याने पट्टीने सहा रकाने आखले आहेत: नंबर, कारखान्यातला क्रमांक, पहिलं उड्डाण, ताबा, कुठे पाहिलं आणि शेवट. वही विमानांची आहे.

मागच्या वेळी पेडण्याच्या पुनवेवर लिहिताना ‘हल्ली पेडण्यात विमानांचीच पुनव रोज असते’ असं एक वाक्य सहज लिहून गेलो होतो. त्यावर दोघातिघा वाचकांनी विचारलं की पेडण्याच्या माणसांना या विमानांचं खरंच काही वाटतं का? सगळ्यांचं मला माहीत नाही. आमच्या घरातल्या एका मुलाचं आणि त्याच्या बापाचं तेवढं माहीत आहे, ते सांगतो.

माझी धाकटी बहीण कासारवर्ण्याला दिली आहे. ज्यांना पेडणं तालुका ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मोपाचा सडा वर आणि कासारवर्णे त्याच्या कुशीला. सडा म्हणजे वरचं सपाट, जांभ्या दगडाचं रान. उन्हाळ्यात तव्यासारखं तापणारं आणि पावसाळ्यात हिरवंगार. भावोजींची गुरं तिथे चरायला जायची. काजूची थोडी कलमं होती. आज त्या सड्यावर साडेतीन किलोमीटर लांबीची धावपट्टी आहे. १३ नोव्हेंबर २०१६ रोजी पायाभरणी झाली. मध्ये झाडांवरून आणि पर्यावरणाच्या परवान्यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१९ साली परवाना स्थगित झाला, २०२० च्या जानेवारीत स्थगिती उठली. ११ डिसेंबर २०२२ ला उद्‌घाटन होऊन ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली. पहिलं हैदराबादहून आलं.

त्या दिवशी भाचा सकाळपासून घराबाहेर होता आणि भावोजी दिवसभर घरात होते. दारं-खिडक्या लावून नव्हे, पण अंगणातही आले नाहीत.

त्या मुलाला हे वेड लावलं मी, असं माझी बहीण म्हणते. त्यात तथ्य आहे. तो दहा वर्षांचा असेल, मी त्याला बोगमाळ्याचं नौदलाचं विमान संग्रहालय दाखवायला नेलं होतं. इतर मुलं लढाऊ विमानांभोवती पळत होती. हा एका जुन्या, भल्या थोरल्या विमानापाशी खिळून राहिला. चार पंखे, मासोळीसारखं वळणदार अंग आणि मागे शेपटीचे तीन तीन पाते. लॉकहीड कंपनीचं सुपर कॉन्स्टेलेशन. हे विमान मूळचं एअर इंडियाचं, प्रवासी नेणारं. नाव होतं ‘रानी ऑफ एलोरा’. जेट विमानं आल्यावर ही राणी प्रवासी सेवेतून उतरली आणि हवाई दलात गेली. तिथून नौदलात आली, दाबोळीवरून समुद्रावर पाळत ठेवायला उडू लागली, आणि शेवटी बोगमाळ्याला उभी राहिली.

‘‘म्हणजे हे तेच विमान?’’ त्याने विचारलं. ‘‘तसलंच नव्हे, तेच?’’

तेच, म्हटलं. माझ्या मते त्याचं वेड त्या ‘तेच’ या शब्दात सुरू झालं. पुढे वही आली तेव्हा पहिल्या ओळीत त्याने या राणीचा नंबर घातला, आणि ‘शेवट’ या रकान्यात लिहिलं, बोगमाळो. बाकी पानंच्या पानं भरली, पण तो शेवटचा रकाना बहुतेक रिकामाच राहिला. विमानं जगतात फार.

मला यात नवल वाटलं नाही, कारण माझं सगळं आयुष्य नंबरांत गेलं आहे. डिचोलीतल्या माझ्या वयाच्या बऱ्याच जणांसारखा मीही खनिजावर जगलो. सारमानसच्या धक्क्यावर बार्जी भरायच्या, त्यांची नोंद ठेवायचं माझं काम. टिपर कुठला, खेप कितवी, बार्ज कुठली, ती मुरगावला कधी सुटली. टिपरचा चालक तोंडओळखीचा नसला तरी टिपरचा नंबर ओळखीचा असायचा. एक बार्ज तर मी मांडवीकाठच्या यार्डात नुसता लोखंडी सांगाडा असल्यापासून पाहिली होती. ती पहिल्यांदा भरायला आमच्या धक्क्याला लागली तेव्हा मी खिशातले पैसे घालून पेढे आणले. हसले लोक. २०१२ साली खाणी बंद पडल्या, थोड्या चालू झाल्या, २०१८ साली पुन्हा बंद पडल्या. ती बार्ज काही वर्षं चिखलात गंजत उभी होती आणि एक दिवस कापून भंगारात गेली. मी तारीख लिहून ठेवली नाही. आता आठवत नाही, याचं वाईट वाटतं.

विमानं टिपणाऱ्या लोकांचं वेड बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की ही माणसं उडणारं विमान बघतात आणि फोटो काढतात. तो त्यातला सगळ्यात वरवरचा भाग. खरी मजा विमान उडण्याआधीची आहे. मोठं विमान जन्माला येण्याआधी त्याला क्रमांक मिळतो. कारखान्यात अजून त्याचा एक पत्राही आलेला नसतो, पण क्रमांक ठरलेला असतो, आणि तो विमानाच्या शेवटापर्यंत बदलत नाही. देश बदलतो, कंपनी बदलते, रंग बदलतो, शेपटीजवळचा व्हीटी-अमुकतमुक हा नोंदणी नंबरही बदलतो. कारखान्यातला क्रमांक तोच राहतो. म्हणून भाच्याच्या वहीत दोन वेगळे रकाने. लग्नानंतर मुलीचं आडनाव बदललं तरी जन्मपत्रिका बदलत नाही, तसं हे आहे असं मी बहिणीला समजावलं होतं. ती म्हणाली, जन्मपत्रिकेवर तुमचा विश्वास कधीपासून?

मग सुटे भाग कुठून कुठे निघाले याचा माग. एअरबसच्या ए-३५० या मोठ्या विमानाचे पंख वेल्समधल्या ब्रॉटनला बनतात, जर्मनीत ब्रेमेनला त्यांत आतली यंत्रणा बसते, अंगाचे भाग हँबुर्ग आणि फ्रान्समधल्या सँ-नाझेरहून येतात, शेपटीचे काही भाग स्पेनहून, इंजिनं इंग्लंडात डर्बीला होतात. हे सगळं वाहून न्यायला एअरबसची स्वतःची विमानं आहेत, फुगलेल्या डोक्याची. त्यांना बेलुगा म्हणतात, आणि दिसतातही त्या पांढऱ्या देवमाशासारखी. जोडणी फ्रान्समधल्या तुलूझ शहरात. बोइंगच्या ७८७ चं तसंच: पंख जपानच्या नागोयाहून, अंगाचा मधला भाग इटलीहून, आणि ते सगळं अमेरिकेत नेणारी चार अवाढव्य विमानं, जुनी ७४७ पोट फुगवून बनवलेली.

यात आपल्या बाजूचंही काही आहे, हे मला भाच्याकडून कळलं. ७८७ मध्ये प्रवाशांच्या पायाखालची जमीन ज्या तुळयांवर उभी असते, त्या तुळया नागपूरच्या मिहानमध्ये बनवल्या गेल्या आहेत. आणि बेळगावजवळ हत्तरगीला जी औद्योगिक वसाहत आहे, तिथे एअरबससाठी लहानमोठे भाग घडवले जातात. साखळी, केरी, चोर्ला घाट असे आम्ही डिचोलीकर बेळगावला खरेदीला जातो ती हीच वाट. त्या घाटात समोरून येणाऱ्या ट्रकला शिव्या घालताना आता मी जरा जपून असतो. काय सांगावं, पोटात काय असेल.

जोडणी चालू असताना कारखान्याच्या कुंपणाबाहेर कॅमेरे घेऊन उभी राहणारी माणसं असतात. तुलूझला, हँबुर्गला, अमेरिकेत एव्हरेटला आणि चार्लस्टनला. ती काय बघतात? एक तर शेपटी. विमान अजून कच्च्या अंगाचं, बिनरंगाचं असतं, पण उभी शेपटी आधीच रंगवून येते. त्यामुळे नवरी कोणत्या घरची हे शेपटीवरून कळतं. दुसरं, इंजिनं. ती सगळ्यात शेवटी लागतात. तोवर पंखांखाली जड वजनं टांगून ठेवतात, नाहीतर तोल जातो. मग रंगशाळेतून विमान बाहेर येतं, तात्पुरता फ्रेंच नंबर चिकटवून पहिलं उड्डाण करतं, मग खरेदीदाराची माणसं येऊन तपासतात, पैसे चुकते होतात, कागदावर सह्या होतात, आणि मग ते घरी निघतं. यातली प्रत्येक पायरी कोणीतरी टिपून ठेवतं. पगार नाही, बक्षीस नाही. धक्क्यावर मला निदान महिन्याला पगार होता.

आणि घरी निघालेल्या विमानाचा माग काढायला अँटेना. हे प्रकरण मला समजायला वेळ लागला. सोप्या भाषेत सांगतो. हल्लीची विमानं उडताना सारखी बोलत असतात: मी अमुक, इथे आहे, इतक्या उंचीवर आहे, या वेगाने चाललो आहे. दर सेकंदाला हे बोलणं रेडिओवरून चाललेलं असतं आणि ते गुप्त नसतं. दीड-दोन हजार रुपयांचं एक यंत्र संगणकाला जोडलं आणि हातभर अँटेना उंच लावली की ते ऐकू येतं. जगभर हजारो लोकांनी अशी यंत्रं घराघरांवर लावली आहेत आणि ऐकलेलं एकत्र करतात, त्यातून तो नकाशा होतो जो आपण मोबाईलवर बघतो. २००६ साली स्वीडनमधल्या दोघांनी सुरू केलेलं फ्लाइटरडार-२४ हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं. विमान आणि अँटेना यांच्या मध्ये डोंगर नको, एवढीच अट.

डिचोलीला माझ्या गच्चीवर लावून पाहिली. भाचा मयेच्या सरकारी पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमाला होता, आठवडाभर माझ्याकडेच राहायचा. पण डिचोली खोलगट, चहूकडे टेकड्या. शेवटी कासारवर्ण्याला नेली. तिथे समुद्राची बाजू मोकळी. प्रश्न आला तो उंच काठीचा. घरात उंच काठी एकच, दिवाळीत आकाशकंदील चढवायचा बांबू. त्याने तो तुळशीच्या मागे रोवला आणि टोकाला अँटेना बांधली. बहिणीने त्या वर्षी आकाशकंदील खिडकीत टांगला आणि दोन दिवस कोणाशी बोलली नाही.

पहिल्याच रात्री अरबी समुद्रावर दोनशे किलोमीटर लांब चाललेलं विमान दिसलं. घरात कोणालाच काही कळलं नाही, पण मला कळलं. सारमानसला बसून मुरगावात लागलेलं जहाज दिसावं तसं ते होतं.

२०२३ हे वर्ष त्या वहीत सर्वांत भरगच्च आहे. मोपा ५ जानेवारीला सुरू झालं. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला बोइंगने शेवटचं ७४७ एव्हरेटमध्ये ताब्यात दिलं. १५७४ वं. माझ्या पिढीला जम्बो म्हणजे काय हे सांगायला नको. एअर इंडियाचं पहिलं जम्बो, ‘एम्परर अशोक’, १९७१ च्या एप्रिलमध्ये मुंबईला आलं तेव्हा आम्ही मुलं वर्तमानपत्रातला फोटो कापून भिंतीला लावत होतो, आणि तेच विमान १९७८ च्या एक जानेवारीला वांद्र्यासमोर समुद्रात पडलं, २१३ माणसं गेली, तेव्हा मी कॉलेजात होतो. शेवटचं जम्बो कारखाना सोडून निघालं तेव्हा वैमानिकांनी आकाशात वळणं घेत घेत नकाशावर एक मुकुट आणि ७४७ हा आकडा काढला. भाच्याने मला उठवून तो ठिपक्याने काढलेला मुकुट दाखवला होता. एवढ्या मोठ्या यंत्राने जाताना रांगोळी काढावी, मला आवडलं ते.

आणि मग डिसेंबर. एअर इंडियाने त्या वर्षी फेब्रुवारीत ४७० विमानांची मागणी जाहीर केली होती. त्यातलं पहिलं मोठं, ए-३५०, येणार होतं. भाच्याने त्याचा माग कधीपासून काढला होता, कारण त्या विमानाची गोष्टच तशी. ते आपल्यासाठी बनलेलंच नव्हतं. रशियाच्या एअरोफ्लोतसाठी बनलेलं. २०२२ साली युक्रेनचं युद्ध सुरू झालं, निर्बंध आले, आणि तयार होत आलेली विमानं तुलूझला अडकून पडली. कंपन्या पत्रक काढतील तेव्हा काढतील, पण कारखान्यातला क्रमांक ज्यांनी लिहून ठेवला होता त्यांना ठाऊक होतं की हे विमान कोणाचं होतं आणि आता कोणाकडे चाललं आहे.

२३ डिसेंबर २०२३, शनिवार. मी नाताळच्या सुट्टीत कासारवर्ण्याला गेलो होतो. पहाटेपासून पोरगा संगणकासमोर. त्या विमानाला उड्डाणाचा क्रमांकही मुद्दाम एआय-३५० दिला होता. आमच्या बांबूचा इथे काही उपयोग नव्हता, ते विमान दिल्लीला उतरणार होतं. वाटेतल्या कोणाकोणाच्या छपरांवरच्या काठ्या ते ऐकत होत्या आणि ठिपका पुढे सरकत होता. बहिणीने दहा वाजता पेज आणून ठेवली, ती थंड झाली. भावोजी मागे येऊन उभे राहिले. ते या खोलीत सहसा येत नाहीत.

‘‘कोणाचं हे?’’

‘‘एअर इंडियाचं.’’

‘‘आणि आधी रशियाचं म्हणत होतास ते?’’

‘‘तेच हे, बाबा. तिकडे देता येईना, म्हणून इकडे.’’

भावोजी थोडा वेळ ठिपक्याकडे बघत राहिले. ‘‘म्हणजे तिथलं लग्न मोडलं,’’ ते म्हणाले, ‘‘आणि पोरीला इथे दिली. बरं झालं. घरात बसून राहिली असती.’’ आणि गुरांना पाणी पाजायला निघून गेले.

दुपारी विमान दिल्लीला उतरलं. व्हीटी-जेआरए. वहीत ‘ताबा’ या रकान्यात तारीख चढली. पुढच्या महिन्यात, २२ जानेवारीला, त्याने बेंगळुरूहून मुंबईला पहिले प्रवासी नेले.

भावोजींच्या गुरांबद्दल इथेच सांगून टाकतो. एकेकाळी सोळा होती. सडा गेल्यावर चराई गेली, मग एकेक करून विकली. आता दोन गायी उरल्या आहेत. पण कुठली गाय कोणाला दिली, कुठल्या महिन्यात दिली, तिला कितवं वासरू होतं, हे त्यांना विचारा, न अडखळता सांगतील. कागदावर काही नाही. विमानांच्या वहीकडे ते कधी ढुंकून बघत नसत, आणि मला वाटायचं की त्यांना त्या विमानतळाशी काही घेणंदेणं नको म्हणून. पूर्ण बरोबर नव्हतं ते.

मोपावर छोटीच विमानं जास्त. मोठं म्हणावं असं जे आमच्या डोक्यावरून नेमाने जायचं ते एअर इंडियाचं ७८७, लंडनच्या गॅटविकला जाणारं, आठवड्यातून तीन दिवस. गोव्यातल्या माणसाला या विमानाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेली आपली माणसं स्विंडनला आहेत, साऊथॉलला आहेत. पेडण्यात आणि डिचोलीत, बारदेश-सासष्टीइतकी नसली तरी, प्रत्येक वाड्यावर एखादं घर असं आहेच. कासारवर्ण्याला बहिणीच्या शेजारच्या आजी तर त्या विमानाच्या आवाजावर घड्याळ लावायच्या. त्यांची नात तिकडे नर्स आहे. ‘‘गेलं गो विमान,’’ म्हणायच्या, ‘‘आता तिला पोचायला रात्र.’’ नात काही त्या विमानात नसायची.

१२ जून २०२५, गुरुवार. पाऊस होता. दुपारी मी जेवून आडवा झालो होतो, भाचा आत आला. दिवसाचा तो कधी घरी येत नाही.

‘‘मामा, एएनबी पडलं.’’

मला आधी कळेचना. एअर इंडियाचं अहमदाबादहून गॅटविकला निघालेलं ७८७. व्हीटी-एएनबी. एव्हाना टीव्हीवर धूर दिसत होता, आणि निवेदक विमानाचा प्रकार, वैमानिक, कोण प्रवासी होते यावर बोलत होते. हा मात्र विमानाला नावाने ओळखत होता. दोन-तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला आमच्या नातेवाइकांच्या गच्चीवरून त्याने ते उतरताना पाहिलं होतं. वहीत ओळ होती. एव्हरेटला जोडणी, ७८७ च्या रांगेतलं २६ वं. म्हणजे अगदी सुरुवातीच्यांपैकी. पहिलं उड्डाण डिसेंबर २०१३. ताबा जानेवारी २०१४.

विमानाने जमीन सोडल्यावर मिनिटभरही गेलं नव्हतं. शेवटचा संदेश आला तेव्हा त्याने सांगितलेली उंची ६२५ फूट होती, तीही समुद्रसपाटीपासूनची, आणि अहमदाबादचा विमानतळच दोनशेच्या आसपास. तो आकडा संध्याकाळपर्यंत जगभर झाला. भाचा मला एवढंच म्हणाला, ‘‘हे कोणाच्या तरी अँटेनाने ऐकलं, मामा. आपल्यासारख्या.’’ त्यापुढे काही बोलला नाही.

विमानात २४२ माणसं होती, एक वाचला. जमिनीवरचे धरून २६० गेले. प्रवाशांच्या यादीत सात पोर्तुगीज नागरिक आहेत असं सांगितलं तेव्हा आमच्या गल्लीत चार घरांतून एकदम फोन लागले असतील. पोर्तुगीज नागरिक म्हणजे आपल्याला लिस्बनची माणसं आठवत नाहीत. आपल्याला शेजारी आठवतात. ती माणसं दीवकडची निघाली. दीव काय, एकाच काळजाचं दुसरं टोक. दमण, दीव आणि गोवा, एकाच राजवटीतून आलेले आणि एकाच पासपोर्टने बाहेर पडलेले.

अपघात का झाला यावर तेव्हापासून सगळेच बोलताहेत. तपास करणाऱ्यांनी जुलैत प्राथमिक अहवाल दिला, त्यावरही खूप बोलून झालं. मी त्यात पडणार नाही. भाचाही पडला नाही, याचं मला बरं वाटलं. त्याच्या ओळखीच्या काही हौशी मंडळींनी त्या रांगेतल्या २६ व्या क्रमांकावरून लगेच तर्क लढवायला सुरुवात केली. याने त्यांना उत्तरच दिलं नाही. माझ्या मते नोंद ठेवणाऱ्याने हे पथ्य पाळावं. धक्क्यावर बार्ज बुडाली तर मी किती टन होतं ते सांगायचो, का बुडाली ते नाही.

त्याला त्या संध्याकाळी कासारवर्ण्यालाच जायचं होतं. वही तिथे होती. पावसात त्याला एकट्याला स्कूटरवर जाऊ देईना, म्हणून मी गाडी काढली. अस्नोडा, कोलवाळ, धारगळ, सगळीकडे दुकानांतून तीच बातमी चाललेली. घरात पोचलो तर बहीण टीव्हीसमोर बसून होती. रडून झालं होतं. पोरगा दिसताच म्हणाली, ‘‘ती वही आता पुरे. आणि ते विमानं दुरुस्तीचं शिक्षणही नको. पंपावर काम कर, पण ते नको.’’

इथे सांगायला हवं की तो डिप्लोमा संपवून विमानदेखभालीच्या अभ्यासक्रमाला जायचं म्हणत होता. फी ठरवून ठेवली होती. काही पैसे सड्याच्या मोबदल्यातले उरलेले.

त्याने उत्तर दिलं नाही. वही काढली, पान उघडलं, पेन हातात धरून बसला. ती ओळ मीही पाहिली. पाच रकाने भरलेले, सहावा कोरा. बराच वेळ झाला. लिहिलं की ते खरं होईल असं त्याला वाटत असावं. मला तरी तसंच वाटलं.

भावोजी बाहेर पडवीत होते. आत आले, डोक्यावरचं पोतं काढून खुंटीला लावलं, आणि पोराच्या मागे उभे राहिले, त्या डिसेंबरात राहिले होते तसे.

‘‘हीच ती? मुंबईला बघितलेली?’’

‘‘हो.’’

‘‘मग तारीख घाल,’’ ते म्हणाले. ‘‘गाव घाल. आता नाही घातलीस तर मागाहून चुकेल.’’

बहीण त्यांच्याकडे बघत राहिली. पोराने लिहिलं: १२ जून २०२५, अहमदाबाद. राणीच्या बोगमाळ्यानंतर त्या रकान्यातली आणखी एक नोंद.

त्यानंतर नऊ दिवसांनी, २१ जूनपासून, मोपाहून गॅटविकला जाणारी एअर इंडियाची उड्डाणं थांबवण्यात आली. शेजारच्या आजींनी दोन-चार दिवस वाट पाहिली आणि मग विचारायला आल्या. त्यांना सांगितलं. ‘‘मग आता मला कळणार कसं?’’ म्हणाल्या. काय कळणार ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. भाच्याने त्यांना मोबाईलवर इंग्लंडकडे जाणारं दुसरं कुठलं तरी विमान दाखवायचा प्रयत्न केला. ते त्यांच्या डोक्यावरून जात नव्हतं, म्हणून त्यांना पटलं नाही.

फी भरायची मुदत जुलैत होती. बहीण शेवटच्या आठवड्यापर्यंत नाही म्हणत राहिली. भावोजींनी भरली. मला नंतर कळलं. एक गाय विकली म्हणे, गाभण होती. कोणाला दिली ते मला लगेच सांगितलं, महिन्यासकट. आता गोठ्यात एकच आहे.

या दिवाळीला गेलो तेव्हा अंगणात दोन बांबू दिसले. एक तुळशीच्या मागचा, टोकाला अँटेना. दुसरा नवा, हिरवा, नुकताच तोडून आणलेला, आणि त्यावर आकाशकंदील.